धुरपताच्या नावानं

कोंढा, ता. पवनी
१२ नोव्हेंबर २००३

रुचिता,

जयभीम. पत्र राईस मिलच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. घरी आलं असतं तर आईनं आधी ते हातात तोललं असतं आणि मग म्हणाली असती, 'हैदराबादची पोरगी अजून लिहूनच राहिली का तुले?' इथं मुनीमजीनं फक्त डोळा मारला.

मी काय करून राहिलो, विचारतेस. धानाची कापणी आटोपत आली. दिवसभर उसन्या, म्हणजे उकडायच्या धानाच्या भट्टीपाशी उभा असतो. कोंडा अंगाला चिकटतो तो बोडीच्या पाण्यात डुबकी मारली तरी जात नाही. कॉलेजबद्दल पुन्हा लिहू नकोस. भंडाऱ्यात दुसऱ्या वर्षाला, तुझ्यासमोरच, इतिहासाच्या सरांनी माझ्या अंगावर डस्टर फेकला. मी तो परत केला. जरा जोरात गेला, एवढंच. आता माफी मागून पुन्हा त्याच बाकावर बसायला मी काही बाकाशी लग्न लावलेलं नाही.

आता तुझं काम. खरं सांगू? मले तुझा विषयच समजत नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलीस, बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आणि एम.फिल. कशावर, तर अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांवर! आता तुझे सर म्हणतात की एक प्रकरण आपल्या लोकांवरही लिही, तुलना कर. ते चांगलं झालं तर ते तुझं नाव अमेरिकेच्या शिष्यवृत्तीला देणार, दोन वर्षं युटाला, त्या मॉर्मनांच्याच मुलखात. नाही झालं तर उन्हाळ्यात घरी, आणि बाबांनी फॅक्टरीतला पोरगा पाहून ठेवलाच आहे.

म्हणजे गोष्ट अशी झाली. कोंढ्यात फिरून मी तुझं काम चांगलं केलं तर तू अमेरिकेला. वाईट केलं तर त्या फॅक्टरीवाल्याच्या क्वार्टरमध्ये. मधी कोंढा कुठंच येत नाही.

तरी करतो. काय विचारायचं ते नीट लिही. आणि त्या अनुपनं तुझ्या पत्रात चार वेळा यायची काही गरज नव्हती.

धम्मदीप

*

हैदराबाद
२३ नोव्हेंबर २००३

धम्मदीप,

जयभीम. अनुप माझा वर्गमित्र आहे, त्याच शिष्यवृत्तीसाठी त्यानंही अर्ज केलाय, म्हणून तो पत्रात येतो. तो पुण्याचा. मॉर्मनांवर तोही काम करतो, पण त्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुझ्या लोकांचं काय? मला मात्र सर विचारतात, मेसमधल्या मुली विचारतात, आता तूही. बाकीच्यांनी जगाचा अभ्यास करावा आणि आम्ही फक्त आमचा, असं कुठं लिहून ठेवलंय? भांडून थकले. शेवटी मीच म्हटलं, लिहिते प्रकरण.

हे लोक कोण, ते थोडक्यात सांगते. ख्रिस्ताला मानतात, पण पंथ वेगळा. इथं त्यांची छोटी मंडळी रविवारी जमते. दोन-दोनच्या जोडीनं गोरी पोरं फिरतात, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी. चहा पीत नाहीत, कॉफी पीत नाहीत. त्यांच्यात मला एक तेलुगू नर्स भेटली. तिनं हा पंथ घेतला त्याच्या आधीच तिचे वडील वारले होते. त्यांच्यात अशी रीत आहे की मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस मंदिरातल्या पाण्यात उतरतो आणि तो बाप्तिस्मा मेलेल्याला पोहोचतो. नको असेल तर मेलेला नाही म्हणू शकतो, तेवढी मुभा त्याला आहे. असं मंदिर भारतात नाही. ती हाँगकाँगला जाणार आहे, वडिलांसाठी.

हे ऐकून सरांनी मला विचारलं, 'छप्पन्न साली तुमच्या लोकांनी धर्म बदलला. त्याच्या आधी जे वारले, त्यांचं काय वाटलं मागच्यांना?' घरी हे कधी कुणी बोललंच नाही.

तर तू म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचार: दीक्षेच्या आधी गेलेल्यांबद्दल तुम्हाला काय वाटलं? आणि मग गप्प बस. तुला गप्प बसता येतं का, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे.

इथं सगळ्याचा कंटाळा आलाय. भात पण वेगळा शिजतो.

रुचिता

*

कोंढा
१० डिसेंबर २००३

रुचिता,

जयभीम. हे पत्र बसून वाच.

आमच्या घरामागं केशरआजी राहते. पंचाहत्तरी उलटली असेल. नवरा गेला, पोरगा भिलाईला. मी गेलो तेव्हा अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. म्हटलं, 'आजी, दीक्षेच्या टायमाची गोष्ट सांग ना.'

'काहून? तुले नोकरी लागली का त्याची?'

'नाही. एका पोरीले पाहिजे.'

'मंग लग्नाचं पाहाले लागला म्हण ना.'

म्हटलं ते राहू दे. तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारला. तिचे हात थांबले. मग तिनं सांगितलं, तिची पोरगी होती. धुरपता. पोळा झाला आणि तापानं गेली. त्याच दसऱ्याला सारं गाव दीक्षेसाठी नागपूरला निघालं.

'साऱ्याईनं पांढरे कपडे घातले. मीही पांढरं नेसली. तर सासू म्हणे, का वो, हे पांढरं पोरीसाठी हाये का बाबासायबासाठी? मले सांगताच नाही आलं, बापू.'

मग म्हणाली, 'आमचा साऱ्याईचा जुना धर्म सुटला. माही पोरगी तिकडंच राहिली. जुन्यात. एकटी.'

रुचिता, मले कधी कोणासमोर रडायला येत नाही, तुला माहीत आहे. मी भाजीच्या काड्या मोडत बसलो. मग आम्ही बराच वेळ बोललो.

आणि परवा पौर्णिमेला विहारात काय झालं ते ऐक. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, सारे बसले. केशरआजी उभीच. बायका पदर ओढून राहिल्या, 'बस ना, आजी.' ती हात जोडून पुन्हा म्हणाली, बुद्धं सरणं गच्छामि. एकटी. पूर्ण, पंचशीलापर्यंत. मधी एका ठिकाणी अडखळली, मागं येऊन पुन्हा म्हटलं. शेवटी म्हणाली, 'हे माह्या धुरपताच्या नावानं होतं.' आणि बसली.

विहार समितीचे भय्याजी नुसते पाहात राहिले.

आता सांग, झालं का तुझं काम? तुझ्या नर्सला हाँगकाँग लागते. आमच्या केशरआजीनं कोंढ्यातच करून टाकलं.

धम्मदीप

*

हैदराबाद
२८ डिसेंबर २००३

प्रिय धम्मदीप,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. सरांना वाचून दाखवलं. ते उठून खिडकीपाशी गेले, परत येऊन म्हणाले, 'पुन्हा वाच.' ज्या बाईनं मॉर्मन हा शब्द ऐकलेला नाही, तिला आपल्या दुःखातून तीच वाट सापडते, याच्यावर अख्खं प्रकरण उभं राहील म्हणाले. सरांनी माझं नाव आणि प्रकरणाचा सारांश युटाला पाठवलासुद्धा. अनुप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, यावरून काय ते समज.

तू माझ्यासाठी जे केलंस ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. मे महिन्यात घरी येईन तेव्हा भेटू. खूप बोलायचं आहे.

एकच राहिलं. केशरआजीच्या मनात हे कधीपासून होतं? एवढी वर्षं तिनं कुणाला सांगितलं होतं का? अलगद विचार, घाई करू नकोस.

तुझी,
रुचिता

*

कोंढा
११ जानेवारी २००४

प्रिय रुचिता,

'तुझी' असं तू पहिल्यांदा लिहिलंस. मुनीमजीला दाखवणार होतो, नाही दाखवलं. 'खूप बोलायचं आहे' याचा अर्थ मी माझ्या मनाप्रमाणं लावला आहे, आणि तू तो बदलू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कधीपासून म्हणजे काय? त्या दिवसापासून. मीच सांगितलं ना तिला. ती तशी बोलल्यावर मी काय दगडासारखा बसून राहू? म्हटलं, आजी, अमेरिकेत एक लोक आहेत, मेलेल्याच्या नावानं जिवंत माणूस पाण्यात उतरतो, मग तो मेलेला त्यांच्यात येतो. तिनं दोनदा विचारलं, 'खरं सांगून राहिला?' मी म्हटलं, मोठ्या विद्यापीठातली पोरगी लिहिते, खोटं कसं असेल? तर म्हणते, 'पाणी लागतेच का? आपल्यात तर नुसतं म्हणावं लागते.' म्हटलं, मग म्हण.

पण इथं भानगड झाली. पुढच्या बैठकीत भय्याजीनं तिला सर्वांसमोर उभं केलं. 'बाबासाहेबानं बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे तूही म्हटलं होतं नागपूरला. अन् आता बुद्धासमोर पोरीचं श्राद्ध करून राहिली? कोणं शिकवलं?'

आजी म्हणाली, 'कोणं नाही. माह्या मनानं केलं.'

मी मागं बसलो होतो. पुढं गेलो आणि भय्याजीची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. आईनं माझ्याशी बोलणं बंद केलं आहे, ते एक बरं झालं. आजी मात्र तेव्हापासून विहारात येत नाही. घरीच म्हणते सगळं. मी गेलो की भाजी पुढं करते, निवड म्हणते.

मे महिना किती लांब आहे.

तुझाच,
धम्मदीप

*

हैदराबाद
२२ जानेवारी २००४

धम्मदीप,

तुला एकच सांगितलं होतं. गप्प बस.

तू काय केलंस ते तुला कळतंय का? अख्खं प्रकरण उभं आहे ते तिला आपली आपण वाट सापडली यावर. ती तिला सापडलीच नाही. माझ्या पत्रातून तुझ्याकडं, तुझ्याकडून तिच्याकडं, आणि तिथून परत माझ्याकडं. मी आरशात बघून म्हटलं, अगं बाई, तिकडं पण कुणीतरी आहे!

आणि तू कॉलर धरलीस. तुला दुसरं येतं काय? भय्याजी चुकीचे नाहीत. ती प्रतिज्ञा आहेच. लोकांनी ती जीव तोडून पाळली आहे. जाब द्यायचा होता तुला, आणि उभी राहिली ती म्हातारी. 'माह्या मनानं केलं' म्हणाली ती तुला वाचवायला, हे तरी डोक्यात आलं का?

दोन दिवस मी ते प्रकरण उघडलंच नाही. मग सरांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते थकल्यासारखे हसले. म्हणाले, 'क्षेत्रात असं होतंच. तुझ्या मित्राकडून दोन ओळी लिहून आण, की बाईनं ही गोष्ट स्वतःहून काढली, तिला आधी काही सांगितलेलं नव्हतं. खाली सही. पुढचं मी बघतो.' फेब्रुवारीअखेर युटाला कागद जायचे आहेत.

धम्मदीप, मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. हे मागते आहे. बाबांचं काल पत्र आलं, मुलाकडचे उत्तर मागतायत. मला दोन वर्षं दूर जायचं आहे, कुणापासून असं नाही, सगळ्यांपासूनच. जिथं मला कुणी माझ्या लोकांबद्दल विचारणार नाही अशा ठिकाणी. हसू नकोस, कळतंय मला, त्यांच्याच जिवावर जायचं आहे ते.

दोन ओळी. जमेल का?

रुचिता

*

कोंढा
३ फेब्रुवारी २००४

रुचिता,

जयभीम. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा फाडायला घेतलं. मग वाटलं, यात ओरडलीस ते सगळं खरं आहे, फाडून काय होणार.

कागद घेऊन केशरआजीकडं गेलो. तिला न विचारता लिहावं असं वाटेना. ती उन्हात बसली होती. सगळं सांगितलं, शिष्यवृत्ती, अमेरिका, फॅक्टरीतला पोरगा, सगळं. तिनं विचारलं, 'म्हणजे मी माह्या मनानं केलं असं लिहिलं का ते पोरगी जाते?'

'हो.'

'नाही लिहिलं का?'

'घरी येते. लग्न करतात तिचं.'

'तुह्याशी?'

'नाही, आजी. दुसऱ्याशी.'

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं बाजारात एखाद्या मरतुकड्या गोऱ्ह्याकडं पाहतात. 'म्हणजे तुले काही दोन्हीकून भेटत नाही.'

म्हटलं, नाही.

'मंग लिहून दे. भय्याजीले मी तेच सांगतलं, तिलेही तेच सांग. जाऊ दे पोरीले. एका पोरीसाठी केलं, त्याच्यात दुसरीचं होऊन राहिलं तर होऊ दे.' मग म्हणाली, 'पण माहं नाव छापू नको म्हणा. लोक म्हणतील, केशरबाईनं बाबासायबाले दिलेला शब्द मोडला. तेवढं नको.'

दोन ओळी लिहिल्या. सही केली. सोबत पाठवतो आहे. खोटं लिहिताना अक्षर बिघडते म्हणतात, माझं नाही बिघडलं. तुझ्यासाठी लिहायचं असलं की माझं अक्षर चांगलं येते, हीच मोठी अडचण आहे.

जा तू. मी चिडलो नाही. चिडायलाही जोर लागतो, आणि तो सध्या मिलमध्येच संपून राहिला.

धम्मदीप

*

हैदराबाद
१ मार्च २००४

धम्मदीप,

जयभीम. उशिरा लिहिते आहे, कारण लिहिण्यासारखं काही ठरत नव्हतं.

तुझा कागद टेबलावर होता. रोज सरांकडं जाताना तो घ्यायचा म्हणून उठायचे आणि चप्पल घालून तशीच जायचे. शेवटची तारीख गेली. मी तो दिला नाही. यात माझा काही मोठेपणा समजू नकोस. मी एवढाच विचार केला की हा दिला, तर पुढची दोन वर्षं तिथं प्रत्येक जण मला आधी केशरआजीबद्दलच विचारणार, आणि प्रत्येक वेळी मला तेच सांगावं लागणार. माझ्याच्यानं ते झालं नसतं. थकले असते.

आता इथून अनुपचेच कागद गेलेत, जाईल तोच. निघेल तेव्हा त्याला स्टेशनवर पोहोचवायला जाईन. पोरगा वाईट नाही.

सरांना सांगितलं की ते प्रकरण मी काढून टाकते. प्रबंधात फक्त मॉर्मन राहतील: ती नर्स, ती गोरी पोरं, त्यांचं हाँगकाँग. सर म्हणाले, मग तू वेगळी काय? मी म्हटलं, वेगळी नसले तरी चालेल. नापसंतीनंच का होईना, त्यांनी मान हलवली. मे महिन्यात जमा करून घरी येते. बाबांना उत्तर दिलेलं नाही. देईन तेव्हा ते माझं असेल, तुझ्यासाठी किंवा तुझ्याविरुद्ध नसेल. 'तुझी' लिहिलं होतं ते आनंदाच्या भरात. खोटं नव्हतं, पण तू त्याचा जो अर्थ लावलास तेवढं मोठंही नव्हतं. हे आता सांगितलेलं बरं.

अजून एक. हे मला आधीच सुचायला हवं होतं. मला सारखी म्हातारीच दिसत होती, पोरगी दिसलीच नाही. मॉर्मनांचा नियम आहे की आठ वर्षांच्या आत वारलेल्या मुलाला काहीच लागत नाही. ना पाणी, ना कुणाला त्याच्या जागी उभं राहावं लागतं. ते मूल कुठंही मागं राहिलेलं नसतं. धुरपता लहान असेल तर त्यांच्या हिशोबानंही आजीनं काही करायची गरजच नव्हती. आपला नियम नाही हा, तरी सांग तिला. बरं वाटेल कदाचित.

रुचिता

*

कोंढा
१६ मार्च २००४

रुचिता,

जयभीम. पत्र मिळालं. 'तुझी'बद्दल लिहिलंस ते वाचून मिलच्या मागं पोत्यांवर जाऊन पडलो. कोणाला मारलं नाही, काही फोडलं नाही. मुनीमजी घाबरला, म्हणे, तब्येत बरी आहे ना?

तू कागद दिला नाहीस, हे कळल्यावर मला आनंद व्हायला पाहिजे होता. तू जात नाहीस. एवढंच तर पाहिजे होतं मला नोव्हेंबरपासून. पण झाला नाही. तू थकून येते आहेस, आणि मला ते पाहिजे नव्हतं.

आजीला तुझा नियम सांगितला. विचारलं, 'धुरपता आठाच्या आतली होती ना?'

'कोणं मोजलं, बापू? पुढचे दात पडून नवे आले होते. करवतीवानी. हसली का दिसत.'

मला दातांचं काय कळतं? सहाव्या वर्षी येतात का आठव्या, मला ठाऊक नाही. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, 'मग आठाच्या आतलीच, आजी. पक्की. तिला काही लागतच नव्हतं.'

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. 'तू पुन्हा सांगाले लागला का?'

मला हसू आलं. तिला नाही. सूप पुन्हा उचलून दोनदा पाखडलं. मग म्हणाली, 'लागत नव्हतं तरी केलं तर का बिघडलं? सणाले पोरीले झगा लागतेच असं नाही. आपण घेतोच ना.'

विहारात ती अजूनही जात नाही. मी भय्याजीकडं गेलो, त्यांना सांगितलं की आजीला मी शिकवलं होतं, बोलायचं ते मला बोला. ते म्हणाले, 'ते मले त्याच दिवशी समजलं होतं. तू कॉलर धरली तवाच.' आजीला बोलवा म्हटलं तर चष्मा पुसायला लागले. त्यांचंही वय झालं आहे, एवढ्या लवकर त्यांच्यानं होणार नाही. तिच्याच्यानंही नाही. ती घरी म्हणते, मी कधीकधी शेजारी बसतो. पंचशील माझंच चुकते.

काल निघताना तिनं विचारलं, 'तुही ते पोरगी कधी येते?'

म्हटलं, माझी नाही, आजी. मे महिन्यात येते.

'कोणाची का असंना. तिले म्हणा, इकडं ये. उन्हाची आली तर आंबील करून ठेवीन. पण काही विचारू नको म्हणा. वही आणू नको म्हणा. नुसती ये, बस.'

तर ये. जवाहरनगरवरून पवनीची बस आहे, तिथून मी घ्यायला येईन. आणि मीही तुला काही विचारणार नाही.

धम्मदीप